चिपचा ताप

रखमा: मावशीनं इचारलं तर मी काय सांगू? पोरगी रजेवर आलीय का नोकरी सोडून आलीय?

रचना: रजेवर. नोकरी सोडलेली नाही, आई. कितीदा सांगू?

रखमा: तोंडावरनं तसं वाटत न्हाय. मावसबहिनीच्या साखरपुड्याला चाललीस आनि चेहरा मयताला चालल्यासारखा. भक्ती काय म्हनंल?

रचना: जंगलजेटी कधी येणार?

रखमा: ती काय, खाडीपलीकडं आगरदांड्याला उभी हाय बोट. गाड्या चढल्या की निघंल. उन्हात नको उभी राहू, हिकडं मकसूदभाईच्या टपरीच्या सावलीला ये. सोडा पितेस?

रचना: नको. काही नको. भूक नाही, तहान नाही.

रखमा: ‘नाही, नाही.’ पुन्याला गेलीस आनि ‘न्हाय’ म्हनायची इसरलीस. म्हसळ्याच्या शाळेत बाई छडी आपटायच्या, तरी तुझ्या तोंडातनं ‘न्हाय’ जात नव्हतं.

रचना: तिथं हसले सगळे. पहिल्याच भाषणात मी म्हणून गेले, ‘या वायरमध्ये करंट न्हाय’. मागच्या रांगेपर्यंत हसले. तेव्हापासून सुटलं.

रखमा: हसले तर हसले. करंट व्हता का त्या वायरीत?

रचना: नव्हता.

रखमा: मंग? बराबरच बोललीस की. बरं, त्ये जाऊ दे. त्या चिपचं काय झालं त्ये मला नीट सांग. अंगनवाडीतल्या पोरांना सांगतात तसं सांग. जल्म त्यांच्यातच गेलाय माझा, कळंल.

रचना: आकाशातून रेडिओच्या लहरी येतात. तारे जिथं जन्मतात तिथल्या वायूच्या ढगांमधून वगैरे. इतक्या क्षीण की एवढ्या मोठ्या तबकडीनं गोळा केल्या तरी हाती काही लागत नाही. त्या मोठ्या करायच्या, हे माझ्या चिपचं काम. अँप्लिफायर आहे तो.

रखमा: लग्नात बँजोवाल्यांकडं असतो त्यो?

रचना: काम तेच. पण बँजोवाल्यांचा अँप्लिफायर स्वतःसुद्धा खरखर करतो. बँजो जोरात असतो म्हणून ती खपून जाते. आमच्याकडं येणारा आवाज त्या खरखरीपेक्षा कितीतरी बारीक आहे. अँप्लिफायरनं स्वतःची बडबड त्यात मिसळली की संपलं.

रखमा: म्हंजे पोराचं गाऱ्हानं पुढं सांगायचं, आपल्या पदरचं कायबी घालायचं न्हाय.

रचना: अगदी तेच. म्हणून ती चिप खास धातूची केली. भयंकर गार केली ना, की त्या धातूतून वीज बिनअडथळा वाहते. अडणं नाही, तापणं नाही, म्हणून कुरकुर पण नाही. अतिसंवाहक म्हणतात. फेब्रुवारीपर्यंत शहाण्यासारखी गप्प होती, आई. एवढी गप्प की सर म्हणाले, मीटर तपासा, बंद पडला असेल.

रखमा: आनि आता?

रचना: आता बडबडते. चार डिग्रीवर होती, अकराच्या वर गेली.

रखमा: काय चार डिगरी?

रचना: आवाज. आम्ही आवाज डिग्रीत मोजतो.

रखमा: आवाज डिगरीत? मंग ताप आलाय म्हन की तिला!

रचना: हो. ताप आलाय म्हण.

रखमा: मंग औषधपानी काय केलंत?

रचना: काय नाही केलं ते विचार. गार केली, गरम केली, पुन्हा गार केली. आतले सगळे स्क्रू काढून पितळेचे बसवले. उझैरनं एकेक जोड उकलून पुन्हा सोल्डर केला. तरी खापर त्याच्यावरच फुटलं, कारण बिघडायच्या आधी शेवटचा हात त्याचा लागला होता.

रखमा: उझैर म्हंजे त्यो श्रीवर्धनचा पोरगा? खजूर दिलेले त्यानं आमाला.

रचना: तोच. घरचे त्याला रोज फोन करतात, कतारला मामाकडं ये म्हणून. आणि इथं त्याला सगळे विचारतात, तुझा हात थरथरतो का रे?

रखमा: आरं देवा.

रचना: सोमवारी समिती येतेय. दुर्बिणीच्या नव्या रिसीव्हरवर आपला अँप्लिफायर लावायचा का परदेशी विकत घ्यायचा, ते ठरणार. काल मीच सरांना सांगून टाकलं, माझी चिप मागे घेते. आज दुपारी उझैर फ्रीज बंद करेल, गरम झाला की उघडेल, माझी चिप काढून विकतची बसवेल. मला ते बघवलं नसतं, म्हणून साखरपुड्याचं निमित्त केलं.

रखमा: आनि तुझी चिप?

रचना: खणात जाईल. मला वाटतं मुळात ती चांगली नव्हतीच. फेब्रुवारीत नशिबानं बरी चालली असेल. एवढी वर्षं घालवली आणि मला ती जमलीच नाही, आई. ज्याला येत नाही त्यानं बाजूला व्हावं.

रखमा: असं नको बोलू… गप. डोळं पूस. ह्यो घे पदर.

रचना: ठीक आहे मी.

रखमा: तू मघाशी फ्रीज म्हनालीस. म्हंजे विज्ञान दिनाला आमाला दाखवलास त्योच ना? उभा, पिंपासारखा, घडवंचीवर ठेवलेला?

रचना: हो, तोच. फ्रीजच म्हणतो आम्ही त्याला.

रखमा: त्येच म्हनते. तुझ्याच तोंडून ऐकलेलं, ‘हा आमचा फ्रीज.’

रचना: मग?

रखमा: काय न्हाय.

रचना: आई, काय?

रखमा: न्हाय म्हटलं… तुला आवडली नव्हती तर तसं सांगायचं व्हतंस. मला राग न्हाय आला. पन एक शब्द बोलायचं व्हतंस.

रचना: काय आवडली नव्हती?

रखमा: होडी.

रचना: कुठली होडी?

रखमा: ती बघ, तशी. मकसूदभाईनं टांगल्यात बघ टपरीला, रंगवलेल्या, लाकडाच्या. ‘जंजिरा’ लिवलेल्या. फ्रीजला लावायच्या. पुन्याला येताना तुझ्यासाठी घेतली व्हती मी.

रचना: मला नाही दिलीस तू.

रखमा: हातात कशाला देऊ? लावूनच आले. तू दिसभर त्या फ्रीजपाशी उभी, रातचं जेवान बी तिथंच. म्हटलं घरचं कायतरी नजरंसमोर असावं लेकीच्या.

रचना: आई. थांब. कुठल्या फ्रीजला लावलीस?

रखमा: तुझ्याच! तू पलीकडं शाळंतल्या पोरांना समजावत व्हतीस. तुझे बाबा दाराशी उभे ऱ्हायले, कोन येतंय बघाया. पन मेली चिकटंना! घरच्या फ्रीजला कशी टक्कन बसते. तवाच मला शंका आली, कसला ह्यो फ्रीज.

रचना: अॅल्युमिनियमचा आहे तो… मग?

रखमा: मंग काय, टेबलावर पोष्टर लावायची चिकटपट्टी पडली व्हती. बुडाला लावली, खालच्या अंगानं. वर लावली तर साहेब रागावतील. म्हटलं झाडताना वाकलीस की दिसंल तुला, हसशील, मला फोन करशील.

रचना: बुडाला. चिप बुडाशीच आहे. आई, या होडीच्या पाठीला काय आहे? दाखव. मकसूदभाई, जरा ही बघू?

रखमा: लोहचुंबक, दुसरं काय? लाकूड जड ना, साध्यानं पडते. म्हनून मकसूदभाई जुन्या स्पीकरमधलं काढून बसवतो. बघ कसं गच्च धरतं तुझ्या चावीला.

रचना: स्पीकरमधलं चुंबक. माझ्या चिपखाली. फेब्रुवारीपासून!

रखमा: चालत न्हाय का?

रचना: चालत नाही का? आई, ती चिप गार होत असताना जवळ चुंबक असलं तर ते बळ तिच्या आत अडकून बसतं! मग ती कधीच गप्प राहत नाही! आम्ही गरम करायचो, गार करायचो, आणि दर वेळी चुंबक तिथंच! आतले स्क्रू बदलले आम्ही, पितळेचे! आणि बाहेरून बुडाला… फोन कुठाय माझा?

रखमा: हातातच हाय. रचना, जंगलजेटी लागली. चल, मान्सं चढाय लागली.

रचना: तू पिशवी घे. उचल ना रे फोन, उचल…

उझैर: बोला मॅडम. स्विचपाशीच उभा आहे. शेवटचा सलाम करायचाय का तुझ्या चिपला?

रचना: बंद केलास?

उझैर: हात ठेवलाय. बिर्याणी संपवून आलो म्हणून उशीर झाला.

रचना: उझैर, आधी एक काम कर. फ्रीजच्या बुडाखाली बघ. बाहेरून. वाकून बघ.

उझैर: काय बघू? पाल आहे का? पाल असेल तर मी नाही यार.

रचना: पाल नाही, होडी आहे.

उझैर: काय आहे?

रचना: होडी! लाकडाची! आईनं लावलीय, चिकटपट्टीनं, मागे चुंबक… हॅलो? उझैर? हॅलो?

रखमा: खाडीत रेंज जाते गं. पलीकडं पोचल्याबिगर यायची न्हाय.

रचना: त्यानं बंद केला तर?

रखमा: होडी म्हटलेलं ऐकलं त्यानं. आता बघितल्याबिगर ऱ्हातोय व्हय कोन? बस हितं. रचना… माझ्यामुळं झालं का गं हे सगळं?

रचना: अजून माहीत नाही.

रखमा: तुझी चिप माझ्यामुळं बिघडली. त्या पोराला लोक वाटंल त्ये बोलले. तू रातरात जागलीस. आनि मी हिकडं तुझ्यावर रुसून.

रचना: रुसून? कधी?

रखमा: तुला कळलंच न्हाय ना? रोज वाट बघितली. आज फोन येईल, म्हनंल आई होडी सापडली. तू फोन करायचीस आनि चिपचंच सांगायचीस. मंग तुझ्या बाबांना म्हटलं, अहो, लाज वाटली असंल पोरीला. एवढी शिकल्यासवरल्याली मान्सं तिथं, आनि आईची टपरीवरची होडी. काढून टाकली असंल गुपचूप.

रचना: मला दिसलीच नाही, आई.

रखमा: ते आता कळलं. दिसली असती तर ठेवली असतीस?

रचना: चुंबक आहे म्हटल्यावर त्याच क्षणी काढली असती.

रखमा: चुंबक नसतं तर?

रचना: पिशवी सरकव जरा, भिजेल.

रखमा: ऱ्हाऊ दे. उगाच इचारलं.

रचना: तसं नाही, आई. तिथं मी फार सांभाळून राहते. बोलताना, जेवताना, डबा उघडताना. सुकटीची चटणी तू देतेस ना, ती मी खोलीवर खाते. लॅबमध्ये नेत नाही.

रखमा: वास येतो त्याचा. ठीक हाय.

रचना: ठीक नाही. उझैर बेधडक नेतो. मीच…

रखमा: धक्का आला जवळ. फोन! फोन वाजतोय बघ!

रचना: हॅलो, उझैर! थांब, स्पीकरवर टाकते. बंद केलास का?

उझैर: आधी मला सांग, ‘जंजिरा’ लिहिलेली, लाल-पिवळी, वर भगव्या… नाही, निळ्या झेंड्याची होडी आमच्या फ्रीजच्या बुडाला काय करत होती?

रखमा: निळा झेंडा मी रंगवला. मकसूदभाईनं कोराच ठेवला व्हता.

उझैर: काकी! सलाम काकी! तुम्ही लावलीत?

रखमा: व्हय बाबा. माझीच चूक. तुला लोक बोलले, माफ कर रे मला.

उझैर: माफ कसलं काकी, माझं सोल्डर बेगुनाह निघालं! अख्ख्या लॅबला ओरडून सांगणार आहे मी. होडी तुमची आणि तीन महिने बुडालो आम्ही! काढली तेव्हा माझ्या हातातला पाना ओढला हो तिनं, खुदा कसम.

रचना: थांब, एवढ्यात नाचू नकोस. कदाचित हे कारण नसेलही. ऐक, पूर्ण गरम नको करूस. होडी लांब ठेव, फ्रीज थोडा वेळ बंद कर, वीस केल्विनच्या वर चढला की आत अडकलेलं सुटेल. मग पुन्हा चालू कर. उघडू मात्र नकोस.

उझैर: आणि सर? ते म्हणाले आज चिप काढायचीच.

रचना: त्यांना सांग, रचनानं संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलंय. कारण विचारलं तर…

रखमा: माझं नाव सांग. रखमा महिपत जाधव. सांग, म्हातारीनं चुंबक लावलं.

रचना: आई!

रखमा: का? लपवायचं कशाला? त्या पोरानं सोसलं तेवढं पुरं झालं.

उझैर: सांगतो काकी. तसल्लीनं जा साखरपुड्याला. गार झाला की मोजतो आणि फोन करतो. खाडीत राहू नका तेव्हा!

(साखरपुडा आटोपून दोघी परत निघाल्या आहेत. ऊन कललं आहे. आगरदांड्याच्या धक्क्यावर जंगलजेटी लागली आहे, पण रचना चढायला तयार नाही.)

रखमा: चल की. ही गेली तर पुढच्या फेरीपातूर बसावं लागंल.

रचना: बसू. फोन आल्याशिवाय मी पाण्यावर पाय ठेवणार नाही.

रखमा: भक्तीच्या सासूनं दोनदा इचारलं, ही मुलगी सारखी फोनकडं का बघते? मी सांगितलं, घरात आजारी हाय कोनीतरी.

रचना: कोण आजारी?

रखमा: चिप. खोटं काय बोलले? ताप हायच की तिला. जेवलीस तरी का नीट?

रचना: आठवत नाही काय होतं.

रखमा: कोलंबीचं खाटखुटं! आनि तुला आठवत न्हाय? कमळमावशीला हे सांगू नकोस, जीव देईल… वाजला बघ. घे, घे. माझ्या बी कानाला लाव.

रचना: स्पीकरवर टाकते. उझैर?

उझैर: साखरपुडा झाला? मुलगा कसा आहे?

रचना: उझैर, मी तुला या धक्क्यावरून पाण्यात ढकलीन.

उझैर: मी पुण्यात आहे.

रखमा: सांग रे बाळा. जीव टांगणीला लागलाय हिचा.

उझैर: चार.

रचना: काय चार?

उझैर: चार डिग्री. चारच्या पण केसभर खाली. मला खरं वाटेना म्हणून पुन्हा मोजलं. चिपला गरम वस्तू दाखवून मोजलं, गार दाखवून मोजलं, मग सरांना खुर्चीवर बसवून त्यांच्याकडून मोजवलं. तेच. रचना, तुझी चिप इतकी गप्प आहे की मला खोलीतला पंखा बंद करावासा वाटला. रचना? आहेस का?

रखमा: हाय. रडतीय. काय झालं गं? चार म्हंजे वाईट का?

रचना: नाही. नाही, आई. ताप उतरला.

रखमा: उतरला?

रचना: उतरला. ती चांगली होती. पहिल्यापासून चांगली होती. मला जमली होती, आई!

रखमा: व्हय माझ्या बाय. मला माहीत व्हतं. ये हिकडं, ये. बघू देत लोकांना.

उझैर: काकी, मी पण रडू का? इथं कोणी जवळ घ्यायला नाही. सर आहेत, पण ते नको.

रचना: सर काय म्हणाले?

उझैर: सगळ्यांदेखत माझ्याकडं आले आणि म्हणाले, उझैर, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. अब्बूंना फोन लावून सांगितलं मी, कतार राहू दे. आणि तुझ्यासाठी निरोप आहे. सोमवारी समितीला हीच चिप दाखवायची. पुढं समिती काय करेल ते समिती जाणे, पण दाखवायची हीच. उद्या ये.

रचना: पहाटेच्या एसटीनं येते.

उझैर: आणि या होडीचं काय करायचं? सर म्हणतात, फ्रीज असलेल्या खोलीत ती पुन्हा दिसता कामा नये. माझ्या बॅगेत टाकू? उद्या आलीस की तू घरी ने.

रखमा: व्हय, तसंच कर. आन घरी. हितल्या फ्रीजला लावीन मी. नको तिथं ती.

रचना: घरी नको. उझैर, बाहेर व्हरांड्यात माझं लोखंडी कपाट आहे ना, माझं नाव लिहिलेलं? त्याच्या दारावर लाव.

उझैर: आतल्या बाजूनं?

रचना: बाहेरून. नावाच्या शेजारी. तिथं ती चिपपासून पुरेशी लांब आहे.

उझैर: लांब आहे, पण संचालकांपासून शिपायापर्यंत सगळे तिथूनच जातात हां.

रचना: जाऊ देत.

उझैर: थांब मग, फोन घेऊन जातो तिकडं. हां. ऐका काकी… ऐकलंत? टक्कन बसली. चिकटपट्टी लागली नाही.

रखमा: ऐकलं रे बाबा. सुखात ऱ्हा. पुढच्या येळी सुकटीची चटनी पाठवते तुझ्यासाठी.

उझैर: रचना खाऊ देईल तर ना! चला, ठेवतो. भूक लागलीय.

रखमा: ठेवला का त्यानं?

रचना: हो. चल आता, चढू या. पिशवी दे माझ्याकडं. आणि चटणी दोघांना पुरेल एवढी दे. लॅबमध्येच खाऊ आम्ही.

रखमा: रचना.

रचना: काय?

रखमा: येताजाता सगळी मान्सं बघतील ती होडी. इचारतील, कुनी दिली.

रचना: विचारू देत. सांगेन.

रखमा: लाज न्हाय ना वाटायची तुला?

रचना: न्हाय.